दुपारी चारला अंधार आणि कानात इंडी: आइसलँडची डायरी

बुधवार

ताईला नॉर्दर्न लाइट्स बघायचे होते आणि मला, माझ्या हिवाळी प्लेलिस्टचा (बहुतेक इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेर केलेली गाणी) निम्मा माल ज्या गावातून येतो ते गाव, राजधानी रेक्याविक, बघायचं होतं, त्यामुळे नोव्हेंबरच्या शेवटी आइसलँड यावर आमचं दोघींचं वेगवेगळ्या कारणांनी एकमत झालं. घरच्यांचं म्हणणं एवढंच की थंडी आणि काळोख बघायला एवढे पैसे घालून कशाला जायचं. मुद्दा बरोबरच आहे. पण मला मळभ आवडतं, त्याला मी काय करू. ऊन पडलं की मला गाणीच सुचत नाहीत ऐकायला.

केफ्लाविकला उतरून सामान घेऊन बाहेर येईपर्यंत चार वाजले आणि बाहेर चक्क रात्र. पाऊस वरून पडत नव्हता, बाजूने येत होता, छत्री उघडायचा विचारसुद्धा करू नका. इथून रेक्याविकला बसने पाऊण तास लागतो, दोन्ही बाजूंना मैलच्या मैल काळा लाव्हा आहे म्हणे, आम्हाला फक्त खिडकीत आमचेच चेहरे दिसले.

पहिलं काय लावायचं हे मी कित्येक आठवडे आधी ठरवून ठेवलं होतं. आउसगेर, इथला गायक. याचा पहिला अल्बम २०१२ चा, तेव्हा पोरगा वीस वर्षांचा, आणि बहुतेक गाणी लिहिली आहेत त्याच्या वडिलांनी, जे तेव्हा सत्तरी ओलांडलेले कवी होते. सत्तरीतल्या माणसाचे शब्द आणि विशीतल्या पोराचा तो पातळ, वरच्या पट्टीतला आवाज, ही जोडीच अजब आहे. देशातल्या साधारण दर दहा माणसांमागे एकाकडे हा अल्बम आहे असं सांगतात. नंतर इंग्रजी आवृत्ती आली, शब्द रेक्याविकमध्ये राहणाऱ्या जॉन ग्रँट या अमेरिकन गायकाने करून दिले, तीही चांगली आहे पण मूळचाच ऐका, कळत नाही तेच बरं आहे.

ताईने एक इअरफोन घेतला, दीड गाणं ऐकलं आणि परत दिला. "अगं आल्या आल्या रडगाणं कशाला?"

तर हे असं आहे. ताई ख्याल शिकलेली, तिच्या लेखी माझी सगळी गाणी दोन प्रकारची, रडकी आणि झोपाळू.

गुरुवार

साडेनऊला उठलो तर काळोख. दहालाही काळोख. साडेदहाच्या आसपास कुणीतरी नाइलाजाने दिवा लावल्यासारखं करडं उजाडलं आणि आम्ही बाहेर पडलो.

रेक्याविक लहान आहे हे वाचलं होतं पण किती लहान ते चालल्यावर कळतं. सगळा देश मिळून चार लाखांच्या आत माणसं. आणि त्यातून एवढे बँड! आधी गेलो पंक म्युझियमला, ते आहे एका जुन्या सार्वजनिक संडासात, भर रस्त्यात जमिनीखाली, २०१६ ला उघडलं. पायऱ्या उतरून खाली जायचं, एकेका संडासाच्या खोलीत पोस्टर आणि फोटो लावलेत, छतावरून हेडफोन लोंबकळतायत ते ओढून कानाला लावायचे. ताईचा चेहरा बघण्यासारखा होता. पण कथा इथूनच सुरू होते. ब्यर्क, इथली सगळ्यात प्रसिद्ध गायिका, एकटी गायला लागायच्या आधी याच गर्दीतली, शुगरक्यूब्ज नावाच्या बँडमधली, आणि त्या मंडळींनी १९८६ मध्ये स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, स्मेक्लेसा. मोठं कोण येऊन आपल्याला उचलणार याची वाट बघत बसायचं नाही, आपलं आपण छापायचं. पुढच्या सगळ्या इंडी पोरांनी हेच उचललं.

मग १२ तोनार. हे १९९८ पासूनचं रेकॉर्डचं दुकान, सोफ्यावर बसा, कॉफी घ्या, हवं ते ऐका, घ्यायलाच पाहिजे असं नाही. अशा दुकानात माणूस घेतोच. मी सोलेयचा २०११ चा अल्बम घेतला. सोलेय आधी सीबेअर बँडमध्ये होती, पियानोवाली, हा तिचा पहिला मोठा अल्बम, बर्लिनच्या मॉर म्युझिकने काढलेला. वरवर गोड अंगाईसारखी गाणी आणि आत काहीतरी भुताखेताचं चाललेलं, लहान मुलाला दाखवू नये असं. पाऊस पडत असताना रात्री दिवा घालवून ऐका, पण एकटे असाल तर दरवाजा आधी लावून घ्या. दुसरी शिफारस काउंटरवरच्या माणसाने केली, केलान मिक्ला, तिघी मुली, २०१३ मध्ये कवितांच्या स्पर्धेसाठी एकत्र आल्या आणि मग बँडच झाला, सिंथ, बास आणि मधूनच किंकाळी. ताईला चक्क हे आवडलं! "निदान झोप तरी येत नाही," म्हणाली.

संध्याकाळी गरम पाण्याचे तलाव. आधी साबण लावून, कपडे न घालता अंघोळ करायची, मगच पोहायचे कपडे घालून पाण्यात जायचं हा नियम इथे कडक आहे, ताई पाच मिनिटं दारातच उभी राहिली, मग गेली. अडतीस अंशांपासून चव्वेचाळीसपर्यंत वेगवेगळी कुंडं, मानेपर्यंत गरम आणि डोक्यावर गारांचा पाऊस. इथे अर्थातच कानात काही नाही. आजूबाजूच्या आज्या गप्पा मारत होत्या, बहुतेक हवामानाबद्दलच.

रात्री एका छोट्या बारमध्ये फुकट गाणं होतं. एक मुलगी गिटार घेऊन, तीस-चाळीस माणसं, सगळे गप्प. बाजूच्याने सांगितलं की ड्रमवर आहे तो आणखी तीन बँडमध्ये वाजवतो. इथे हे नेहमीचंच. योफ्रिदुर आउकादोत्तिर घ्या ना, शाळकरी वयात जुळ्या बहिणीबरोबर पास्कल पिनोन हा बँड काढला, मग सामारिस, ज्याने २०११ ची म्युझिकतिल्रॉयनिर जिंकली, ही इथली बँडांची स्पर्धा, १९८२ पासून चालू आहे, आणि आता ती एकटी जेएफडीआर या नावाने गाते. सामारिसमध्ये क्लॅरिनेट, इलेक्ट्रॉनिक बीट आणि एकोणिसाव्या शतकातल्या कविता. कागदावर वाचून हसू येतं, ऐकून येत नाही. तिचा एकटीचा २०१७ चा अल्बम सध्या माझ्याकडे सगळ्यात जास्त वाजतोय, रात्री साडेअकरानंतरचा आहे तो, दिवसा लावू नका.

शुक्रवार

वादळ. हवामान खात्याचा पिवळा इशारा, आमची दक्षिण किनाऱ्याची बस टूर एक दिवस पुढे ढकलली. खिडकीबाहेर एक कचऱ्याचा डबा रस्ता ओलांडून गेला, सरळ, न पडता. आम्ही दिवसभर खोलीत. रेडिएटर जमिनीखालच्या गरम पाण्यावर चालतो त्यामुळे आत मस्त ऊब, नळाच्या गरम पाण्याला गंधकाचा वास, आणि करायला काहीही नाही.

म्हणजे माझा आदर्श दिवस.

ताईला म्हटलं आज माझं ऐक. तिने शाल घेतली आणि सुनावणी असल्यासारखी बसली. मी लावला लो नावाच्या बँडचा २००१ चा अल्बम, स्टीव्ह अल्बिनी या नावाजलेल्या रेकॉर्डिंग इंजिनिअरने रेकॉर्ड केलेला. लो आइसलँडचे नाहीत, अमेरिकेत मिनेसोटात सुपीरियर तलावाच्या काठी डलुथ नावाचं गाव आहे तिथले, तिथली थंडी इथल्यापेक्षा कितीतरी वाईट. १९९३ मध्ये नवरा-बायकोने सुरू केलेला बँड, अ‍ॅलन स्पारहॉक आणि मिमी पार्कर. तेव्हा सगळीकडे कर्कश गिटारचा जमाना होता आणि यांनी ठरवलं की आपण इतकं हळू आणि इतकं हलकं वाजवायचं की लोक अस्वस्थ झाले पाहिजेत. मिमी उभी राहून वाजवायची, दोन-तीन ड्रम फक्त, हातात ब्रश. आणि दोघांचे आवाज एकात एक.

दोन गाणी झाली. तिसऱ्याच्या मध्यात ताई म्हणाली, "अगं हे विलंबित आहे. फक्त तबलजी झोपलाय."

मी इतकी हसले की खाली राहणाऱ्यांनी ऐकलं असेल. पण नंतर विचार केला तर ती बरोबर बोलली होती. आपल्याकडे विलंबित एकतालात समेची वाट बघत बसायची सवय असते, दोन मात्रांमधली जागा रिकामी नाही हे कानाला माहीत असतं, मग लो कळायला काय अडचण आहे? मला जे कळायला वर्षं लागली ते ताईला तिसऱ्या गाण्यात कळलं. पुढचं गाणं तिने न सांगता ऐकलं. मग विचारलं की ही बाई हल्ली काय गाते. मी सांगितलं की मिमी पार्कर नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅन्सरने गेली. ताई काही बोलली नाही, तेच गाणं परत लाव म्हणाली.

दुपारी (म्हणजे अंधार पडल्यावर) ग्रूपर. ही एकटी बाई, लिझ हॅरिस, तिचा २०१४ चा अल्बम पियानो आणि आवाज एवढाच आहे, पोर्तुगालमध्ये एका घरात २०११ ला साध्या चार ट्रॅकच्या यंत्रावर रेकॉर्ड केला. मागे पाऊस ऐकू येतो, बेडूक ऐकू येतात, आणि एका गाण्याच्या शेवटी मायक्रोवेव्हची बीप. वादळाने गेलेली वीज परत आली तेव्हा तो वाजला आणि तिने तसाच ठेवला. मी ही गोष्ट ताईला आधी सांगितली नव्हती, बीप वाजल्यावर ती उठून आमच्या मायक्रोवेव्हकडे बघायला गेली.

पोर्तुगाल! म्हणजे गारठलेली वाटणारी रेकॉर्ड गार देशात व्हावी लागत नाही. एक खोली लागते, दार बंद पाहिजे आणि बाहेर काहीतरी धिंगाणा. बॉन इव्हेरचंही तेच, म्हणजे जस्टिन व्हर्ननचं, त्याचा जुना बँड मोडला, तब्येत बिघडली, मग २००६-०७ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या वडिलांच्या शिकारीच्या केबिनमध्ये जाऊन बसला आणि तिथे एकट्याने पहिला अल्बम केला. ही गोष्ट आता इतकी सांगून झालीय की गुळगुळीत झालीय, केबिनचं जरा जास्तच कौतुक होतं असं माझं मत आहे, गाणी चांगली आहेत म्हणून केबिन लक्षात राहिली, उलटं नाही. पण ऐका, हिवाळ्यात एकदा तरी.

आणि इथलाच ओलावुर अर्नाल्ड्स. हा आधी हार्डकोर बँडमध्ये ड्रम बडवायचा, आता पियानो आणि तंतुवाद्यांचं इतकं नाजूक करतो की खरं वाटत नाही. २०११ मध्ये त्याने आठवडाभर रोज एक गाणं आपल्या घरातल्या दिवाणखान्यात रेकॉर्ड करून त्याच दिवशी नेटवर टाकलं. व्हिडिओत मित्रमंडळी, दिवे, पुस्तकांचं कपाट, सगळं दिसतं. ते लावून आम्ही दोघी गुपचूप बसलो आणि बाहेर वारा काय काय ओढून नेत होता.

शनिवार

आज सिगुर रोस या इथल्या बँडची परीक्षा होती. जगातला प्रत्येक माणूस सिगुर रोसबद्दल लिहिताना हिमनद्या आणि ज्वालामुखी लिहितो, म्हणून मी ठरवलं होतं की खऱ्या धबधब्यासमोर उभं राहून ऐकायचं.

स्कोगाफॉस, साठ मीटरचा सरळ पडदा. समोर उभी राहिले, टोपी, त्यावर हूड, आत इअरफोन, लावलं. काही म्हणजे काही ऐकू येईना. पाण्याचा आवाज, वाऱ्याचा आवाज, हूडचा फडफड आवाज. आवाज शेवटपर्यंत वाढवला तर मोबाइलनेच कानाला धोका आहे म्हणून सूचना दिली. पुढे रेनिस्फ्यारा, तो काळ्या वाळूचा किनारा, तिथे तर कानात काही घालणं हा मूर्खपणा आहे, अचानक लाट आत येऊन माणसं ओढली गेली आहेत, धोक्याचे दिवे लावलेत, गाइड सतत ओरडून सांगत असतो की समुद्राकडे पाठ करू नका. इअरफोन खिशात. बसाल्टचे खांब बघितले, भिजलो, परत.

परतीच्या बसमध्ये मात्र, अंधार, हीटर, काचेवर वाफ, ताई झोपलेली, तिथे लावलं आणि पहिल्याच मिनिटात अंगावर काटा. १९९९ चा अल्बम, आउगाइतिस ब्यिर्युन. त्यांचा गायक योन्सी गिटारवर चेलोचा बो घासतो त्यातून तो लांब ताणलेला आवाज येतो, आणि वर त्याचं गाणं. मी फेसबुकवर वगैरे लोकांना सांगत आलेय की हे डोंगरात ऐकायचं संगीत आहे. नाहीये. धबधब्याला गाण्याची गरज नाही, गरज बसमधल्या माणसाला आहे.

त्यांचं ते उड्या मारायचं प्रसिद्ध गाणं मी मुद्दाम टाळलं. २००५ चं गाणं, बीबीसीच्या निसर्गमालिकेच्या जाहिरातीत लागलं आणि मग इतक्या ठिकाणी लागलं की आता ते सुरू झालं की वाटतं कुणीतरी इन्शुरन्स विकायला येतंय.

रविवार

आळस. दुपारी हाल्ग्रिम्सकिर्क्या, ते टेकडीवरचं रॉकेटसारखं चर्च. आत जर्मनीत बनवलेला प्रचंड ऑर्गन आहे, ५२७५ नळ्या, कुणीतरी सराव करत होतं, बाकांतून पायात कंप येत होता. ताईला बाहेर पडल्यावर आउर्स्तीदिर या बँडचा तो जर्मनीतल्या रेल्वे स्टेशनातला व्हिडिओ दाखवला, वाद्य एकही नाही, स्टेशनच्या कमानीखाली उभे राहून जुनं स्तोत्र गातात. शब्द १२०८ सालचे, कोल्बेन तुमासोन नावाच्या सरदाराचे, लढाईत मरायच्या आदल्या दिवशी रचले अशी कथा आहे, चाल मात्र विसाव्या शतकातली. ताईने तो फोनवर लागोपाठ बघितला, पायऱ्यांवर, थंडीत, मी कुडकुडत उभी. नॉर्दर्न लाइट्स? ढग. रोज ढग.

सोमवार

शहराच्या बसने मोस्फेल्सबायर या जवळच्या गावी. पर्यटक इथे फार येत नाहीत, आले तर लोकरीच्या दुकानासाठी. आउलाफॉसची लोकरीची गिरणी १८९६ पासूनची, बाजूने वार्माउ नावाचा ओढा वाहतो, कोमट पाण्याचा. आणि तिथेच १९३० च्या दशकात बांधलेला एक पोहण्याचा तलाव होता, बंद पडलेला, तो सिगुर रोसने घेऊन त्याचा स्टुडिओ केला. नाव सुंद्लॉयगिन.

आत जाता येत नाही, चालू स्टुडिओ आहे. बाहेरून बघितलं तर साधी पांढरी इमारत, शाळेचं गोदाम म्हणून खपून जाईल. ताई म्हणाली, "एवढंच?" एवढंच. इथे झालेला पहिला मोठा अल्बम २००२ चा, ज्याचं नाव म्हणजे नुसते दोन कंस. आठ गाणी, एकालाही नाव नव्हतं, आतली पुस्तिका कोरी, योन्सी अर्थ नसलेले स्वर गातो, आणि मध्ये ३६ सेकंद शांतता, अलीकडची चार गाणी जरा उजेडातली, पलीकडची चार काळीकुट्ट. मी तिथे ओढ्याच्या कठड्यावर बसून पहिल्यापासून लावला. त्यातला तो घुमणारा आवाज मला इतकी वर्षं दरीतला वाटत होता. तसा काही नाही, उंच छताच्या बंद खोलीतला आहे. पाणी काढून टाकलेल्या तलावात ओरडून बघितलंय का कधी? ते.

ताईला ख्यालाच्या शिकवणीमुळे एक गोष्ट लगेच जाणवली जी मला सुचली नव्हती, की तो शब्द गातच नाहीये म्हणून तिला अडचण येत नाहीये. आलाप आहे, म्हणाली, आलापात कुठे शब्द असतात. मग मात्र पाऊस वाढला आणि आम्ही लोकरीच्या दुकानात शिरलो आणि तिथे तिने माझ्या संगीताच्या एकूण खर्चाच्या दुप्पट एक स्वेटर घेतला.

मंगळवार

विमान संध्याकाळचं, म्हणून गाडी भाड्याने घेतली आणि केफ्लाविकच्या पुढे गार्दुरला गेलो. गाडी देणाऱ्याने एकच गोष्ट घोटून सांगितली, दार उघडताना घट्ट धरा, वारा दार उपटून नेतो. विनोद वाटला, गार्दस्कागीला उतरताना वाटला नाही.

दोन दीपगृहं, जुनं १८९७ चं, नवं १९४४ चं उंच, आणि समोर अटलांटिक. ऑफ मॉन्स्टर्स अँड मेनची गायिका नान्ना या गावची. बँडने २०१० ची म्युझिकतिल्रॉयनिर, तीच बँडांची स्पर्धा, जिंकली आणि पुढे जगभर गेले, पण सध्या मला तिचा एकटीचा २०२३ चा अल्बम जास्त आवडतो, ढोलताशे नाहीत, बारीक आवाजात स्वतःशी बोलल्यासारखा. दीपगृहावरून आठवलं, मूम या बँडने २००२ च्या अल्बमची बरीच गाणी वायव्येच्या टोकाला एका दीपगृहात राहून केली, तिथे रस्ताच जात नाही. खेळण्यातल्यासारखे बारीक आवाज, कुजबूज, मधेच अ‍ॅकॉर्डियन. गाडीच्या काचा वर करून आम्ही अर्धा अल्बम तिथेच ऐकला, गाडी वाऱ्याने हलत होती.

जाता जाता रॉक म्युझियम. केफ्लाविकला अमेरिकन लष्करी तळ होता, २००६ ला बंद झाला, त्यांच्या रेडिओवरून रॉक अँड रोल आधी या गावात आलं आणि म्हणून इथलं पहिलं मोठं पोरांचं बँड-वेड, ह्ल्योमार नावाच्या बँडचं, १९६३ चं, याच गावचं. घाईत बघितलं, कारण ताईला विमानतळावर वेळेत पोचायचं असतं, म्हणजे चार तास आधी.

गेटपाशी बसल्यावर ती म्हणाली ते तबलजी झोपलेलं माझ्या फोनवर टाकून दे. मी लोचे तीन अल्बम टाकले आणि क्रमही सांगितला, आधी २००१ चा, मग १९९९ चा, २०१८ चा शेवटी, घाई करू नकोस. ताईने अर्थातच २०१८ चा आधी लावला, नवीन आहे म्हणून. दोन मिनिटांत इअरफोन काढून माझ्याकडे बघितलं.

"अगं, हे नीट डाउनलोड झालं नाहीये. नुसती खरखर येतेय."

"नाही ताई, ते तसंच आहे."